दहा मिनिटांची उधारी

२२ जुलै

माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाची नोंद कुठेतरी राहायला हवी. क्लाइव ती ठेवणार नाही, सरकारला वेळ नाही, तेव्हा मीच ठेवते. माझं नारिंगी पातेलं परत आलेलं नाही.

बिडाचं आहे. उचलायला दोन्ही हात लागतात. लग्नातल्या वस्तूंपैकी ते आणि नवरा एवढंच टिकलं, आणि त्यातलं पातेलंच अजून तापतं. आमच्या सुनेला, टॅमसिनला, बाळंत होऊन घरी आणलं त्या दिवशी त्यात कोंबडीचा रस्सा भरून मी त्यांच्या व्हरांड्यातल्या बर्फाच्या पेटीत ठेवून आले. आमच्या भागात बाळंतिणीचं दार कुणी वाजवत नाही. फाटकापाशी एकदा हॉर्न द्यायचा, पेटीत भांडं ठेवायचं आणि निघायचं. तिला झोप मिळावी म्हणून. भांड्याच्या बाजूला चिकटपट्टीवर आपलं नाव. आठवडाभरात भांडं धुऊन परत, आणि आत काहीतरी घालून. चार लिंबं, सहा अंडी, काहीही. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण मोडणाऱ्याचं नाव इथे नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात.

"दुसरं पातेलं नाही का घरात?" क्लाइवनं विचारलं.

"आहे. ते पातेलं आहे. हे माझं पातेलं आहे."

तो गायी बघायला गेला. आमच्या संसारातल्या प्रत्येक वादानं गायींची निगा सुधारली आहे.

२४ जुलै

दूध द्यायच्या निमित्तानं पातेल्याच्या तपासाला गेले. आमचा मुलगा अँगस आणि टॅमसिन आमच्याच शेताच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पूर्वीच्या गड्याच्या घरात. दार वाजवलं, कारण सासू कायद्याला अपवाद असते.

आत गेले आणि धक्काच बसला. पाच आठवड्यांचं मूल असलेल्या घरात दुपट्यांचे ढीग हवेत, सिंकमध्ये कपबशांचा डोंगर हवा. इथे फरशीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. टॅमसिन गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेची लाकडी पट्टी जुन्या टूथब्रशनं घासत होती. आतल्या खोलीत विनी रडत होती.

"पोरगी रडतेय गं," मी म्हटलं. टॅमसिन मेलबर्नला असताना लोकांचे कान तपासायची, म्हणून वर जोडलं, "की आता तुझेच तपासायला हवेत?"

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. ती झोपली तरी ऐकू येतं."

उठली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि विनीला घेऊन आली. दुकानातली काचेची वस्तू हातात आलीय आणि आता ठेवायची कुठे ते कळत नाहीय, अशी धरली होती. सरळ माझ्याकडे दिली.

"लॉरेल, दहा मिनिटं थांबतेस? केस धुवायचेत."

"आत्ता नाही गं राणी. शेडमध्ये चाळीस वासरं माझ्या नावानं ओरडतायत. तुझी दहा मिनिटं माझ्याकडे उधार."

"बरं," म्हणून हसली. पोरगी समजूतदार आहे.

पातेल्याचं विचारायचं राहिलं.

२७ जुलै

साप्ताहिकाला सदर पाठवलं. 'शेणात पाय' आमच्या जिल्ह्यात निधनवार्तांच्या खालोखाल वाचलं जातं, आणि कधीकधी तेवढंच हसवतं. या वेळी विषय, आजच्या आया. लिहिलं की अँगस झाला तेव्हा आमच्या घराची अशी दशा होती की कुत्रा शेजाऱ्यांकडे राहायला गेला. आणि माझ्या सुनेच्या फरशीवर कुणी अपेंडिक्स काढून घेतलं तरी टाके पिकणार नाहीत. लंगोटांनासुद्धा इस्त्री. आमच्या पिढीनं नुसती पोरं वाढवली, ही पिढी प्रदर्शन भरवते.

संपादकाचा फोन आला. हसून हसून त्याला खोकला लागला होता.

३० जुलै

सकाळच्या धारेनंतर अँगस चहाला थांबला. डोळे लाल. गायी व्यायच्या दिवसांत सगळ्यांचेच असतात.

"टॅमसिननं तुझं वाचलं."

"हसली का?"

"हसली असेल. मग तिनं परत सगळी फरशी पुसली."

लेखकाला यापेक्षा मोठी दाद काय मिळणार?

१ ऑगस्ट

पाऊस, चिखल, पुन्हा पाऊस. तीनशे अठरा नंबरची पहिलारू परवा व्याली. तेव्हापासून कोपऱ्याकडे तोंड करून उभी. कान पडलेले, चाऱ्याला तोंड नाही, वासरू पायाशी होतं तेव्हा त्याला चाटलंसुद्धा नाही. क्लाइवनं न्याहारी अर्धी टाकून गुरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर तासाभरात आला. माझी दाढ दुखत होती तेव्हा मला नऊ दिवस थांबावं लागलं होतं.

त्याच वेळी टॅमसिन वासरांच्या शेडमध्ये आली, एकटीच. विनी अँगसजवळ होती. माझ्याशेजारी उभी राहून वासरांना रबरी बोंडांच्या बादलीवर लुचताना बघत राहिली. गायीगुरांत तिला गोडी वाटायला लागली याचा मला आनंद झाला. शहरातली सून आली की सगळी आळी वाट बघत असते, कधी नाक मुरडते याची.

"आईपासून यांना इतक्या लवकर का तोडता?"

"तोडतो कुठे? सुटका करतो, दोघांची. पहिलारूला काय कळतंय? ती वासरावर बसेल, नाहीतर त्याला विसरून चरायला जाईल. इथे वेळेवर दूध, कोरडा पेंढा, वरून ऊबेचा दिवा. आईपेक्षा बादली बरी. गुरुवारपर्यंत दोघंही विसरतात."

"गायसुद्धा?"

"गाय आधी विसरते."

"आणि वासरू जगतं?"

"जगतं म्हणजे? बघ की. पैलवान झालेत सगळे."

तिनं कोपऱ्यातल्या रिकाम्या कप्प्यातला पेंढा वाकून हातानं दाबून बघितला. मग अंगणापलीकडे डॉक्टर तीनशे अठराच्या मानेत सुई टोचत होता, तिकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय झालंय तिला?"

"कळेल. कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं नक्की."

"हो," टॅमसिन म्हणाली.

५ ऑगस्ट

विनीला तपासायला माता-बाल केंद्राची नर्स आली, ब्रॉन्विन. मी गाजराचा केक घेऊन गेले होते. (छोट्या भांड्यात. मोठं कुठे आहे ते सर्वांना ठाऊक आहे.)

विनीचं वजन उत्तम, डोकं उत्तम, नजर उत्तम. ब्रॉन्विननं चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि आईसाहेब? तू कशी आहेस, टॅमसिन? खरं सांग."

टॅमसिननं तोंड उघडलं. तिला शब्द सापडेना असं दिसलं, म्हणून मीच मदत केली. "ती? अगं, ती आम्हाला सगळ्यांना लाजवते! घर बघ. पोरीच्या अंगावर कधी लाळेचा डाग बघितलास? मी तर पेपरात छापलंय."

"वाचलं ना!" ब्रॉन्विन हसली. टॅमसिनही हसली. ब्रॉन्विननं काहीतरी टिपून घेतलं, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गेली.

टॅमसिन बारीक झालीय. माझं तिसाव्या वर्षी असं झालं असतं तर मी मिरवणूक काढली असती.

९ ऑगस्ट

लिहिता येत नाही.

विनी सुखरूप आहे. टॅमसिन सुखरूप आहे. आधी एवढंच लिहून ठेवते.

९ ऑगस्ट, जेवणानंतर (कुणी जेवलं नाही)

दुपारची धार चालू होती. मी दुधाच्या बादल्या घेऊन वासरांच्या शेडमध्ये गेले. दारापाशी गमबुटांची एक जोडी होती, नीट शेजारीशेजारी ठेवलेली, आपण दुसऱ्याच्या घरात शिरताना ठेवतो तशी. कोपऱ्यातल्या कप्प्यात दिवा लावलेला होता. वाटलं, क्लाइवनं एखादं अशक्त वासरू आणून ठेवलं असेल. वासरं बादली बघून ओरडायला लागली आणि त्या ओरडण्यात एक आवाज वासराचा नव्हता.

पेंढ्यावर विनी होती.

खाली घोंगडी चौपदरी घातलेली. अंगात इस्त्री केलेलं पांढरं लोकरीचं झबलं, डोक्याला टोपी, भोवती दुलई. दिवा बरोबर त्या उंचीवर, जिथे मी वासरांसाठी लावते. फाटकाला पिशवी अडकवलेली, तिच्यात लंगोट. टोपलीत दुधाच्या भरलेल्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून ऊबदार ठेवलेल्या. आणि पायाच्या घोट्याला लोकरीच्या धाग्यानं बांधलेला पिवळा बिल्ला, वासरांच्या कानात मारतो तो. नंबराच्या जागी 'विनी'. गाठ सैल होती. पायाला काचू नये म्हणून खाली कापूस.

तो कापूस बघितला आणि हातातल्या बादल्या मी तिथेच टाकल्या.

क्लाइवला हाक मारली. काय आवाज काढला कोण जाणे, माझा नवरा म्हातारपणी पळताना मी पहिल्यांदा बघितला. विनीला त्याच्या हातात दिलं आणि यूट, आमची शेतावरची गाडी, घेऊन निघाले. कुठे, ते माहीत नव्हतं. घरी नव्हती. तळ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. तिथेही नव्हती.

दुधाचा टँकर जिथून वळतो त्या फाटकाच्या बाहेर, हमरस्त्यावर सापडली. पायात नुसते मोजे, चिखलानं घोट्यापर्यंत काळे. पावसात सरळ चालली होती, बसला उशीर झालेल्या माणसासारखी.

"टॅमसिन! कुठे निघालीस?"

"तिला दूध दिलंस?"

"कुठे निघालीस तू?"

"आधी सांग, दिलंस का? तिची वेळ झालीय."

"क्लाइव देतोय."

"मग ठीक." आणि पुन्हा चालायला लागली. मी यूट तशीच सोडून तिच्या आडवी उभी राहिले.

"मी नीट बघितलं सगळं, लॉरेल. पेंढा कोरडा आहे. तूच म्हणालीस, आईपेक्षा बादली बरी. मी बसेन तिच्यावर. नाहीतर... मला दिसतं, मी तिला काहीतरी करतेय असं. रोज दिसतं. चहा गाळतानासुद्धा. म्हणून मी हात लावत नाही फारसा. तिथे तू दिवसातून दोनदा येतेस. माझ्याकडे कुणी येत नाही. हॉर्न वाजतो आणि गाडी जाते."

जगातल्या कुठल्याही वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर असतं, असा माझा लौकिक आहे. मी तोंड उघडलं आणि तोंडात पाऊस गेला.

"गुरुवारपर्यंत ती विसरेल ना?" टॅमसिननं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणि तूही नाही. मी बोलले ते खोटं होतं. आईला शोधत वासरं कितीतरी दिवस ओरडतात. मी कानात रेडिओ घालून काम करते."

ती माझ्याकडे बघायला लागली. रडत नव्हती, तेच भयंकर होतं.

"तीनशे अठराला कुणी विचारलं नाही, मजेत ना म्हणून," ती म्हणाली. "सरळ डॉक्टर बोलावला."

"चल. यूटमध्ये हीटर आहे."

"आणि मग?"

"मग डॉक्टर. सरळ."

तिनं माझा हात धरला. गार, आणि साबणानं इतका भेगाळलेला की खडबडीत पोत्याला हात लागल्यासारखं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत मी त्या घरी निदान दहा वेळा गेले असेन. फरशी बघितली. पातेलं शोधलं. हात बघितले नाहीत.

१० ऑगस्ट

टॅमसिन इथल्या छोट्या दवाखान्यात आहे, विनी तिच्याजवळच, आणि नर्स दोघींजवळ. मेलबर्नला आईला आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करतात, तिथे खाट मिळवायची खटपट ब्रॉन्विन करतेय.

"आजार आहे हा," ती मला म्हणाली. "स्वभाव नाही, शहरीपणा नाही, नखरे नाहीत. सात बाळंतिणींत एकीला होतो. मनात नको ती चित्रं येतात, आणि ती ज्यांना भयंकर वाटतात त्याच पोरी आतून फाटत जातात. बरा होतो. पण कुणीतरी विचारावं लागतं."

"तू विचारलंस की."

"मी विचारलं. उत्तर तू दिलंस." चष्मा काढत म्हणाली, "आणि मी ते लिहून घेतलं."

अँगस आमच्या स्वयंपाकघरात बसून होता, जाकिटावर शेण वाळलेलं. "पहाटे मी धारेला निघायचो तेव्हा ती जागी असायची. परत यायचो तेव्हा जागी. मला वाटलं, आयांचं असंच असतं. विचारलं की म्हणायची, तुझ्या आईला बघ, तिनं तुला वाढवून गाईसुद्धा सांभाळल्या. आई, मी काय बोलणार होतो?"

मी त्याचं जाकीट उतरवून घेतलं आणि त्यावरचं शेण खरवडायला लागले.

विनीसाठी काढून ठेवलेलं दूध आणायला त्यांच्या घरी गेले. मागच्या खोलीतला मोठा फ्रीझर उघडला. सगळं गाव आत होतं. शेजारच्या गेलची लझान्या, पाद्रीबाईंची मेंढीची भाजी, कुणाचं सूप, कुणाचा ॲपल पाय, झाकणं लावलेली, नावं बाहेरच्या बाजूला, एकाला एक टेकवून नीट रचलेली. एकाही भांड्याला चमचा लागलेला नव्हता. आणि प्रत्येकीला त्याच दिवशी 'फार चविष्ट होतं' असा निरोप गेला होता. मलासुद्धा. तळाशी माझं नारिंगी पातेलं, आतला रस्सा दगडासारखा.

"मग ती खात काय होती?" मी अँगसला फोनवर विचारलं.

"टोस्ट," तो म्हणाला. "उभ्यानं."

फ्रीझरचं दार उघडं धरून मी उभी राहिले. थंडीनं चेहरा बधिर झाला. एक विनोद सुचेना. बरं झालं.

१३ ऑगस्ट

खाट मिळाली. क्लाइवनं सगळ्यांना मेलबर्नला नेलं. निघताना विनीच्या पायाला अजून तसाच असलेला बिल्ला त्यानं सुरीनं हळूच कापला आणि फेकायचा सोडून खिशात टाकला. मी विचारलं नाही. पस्तीस वर्षांत या माणसाला काही जपून ठेवताना पाहिलं नव्हतं.

संपादकाचा फोन. "सुनेच्या फरशीचा दुसरा भाग कधी? लोक विचारतायत."

"नाही मिळणार."

"म्हणजे? जागा रिकामी राहील."

"राहू दे."

तिथे ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात छापली. सुबक दिसली.

१७ ऑगस्ट

टॅमसिनच्या नावावर राहिलेली भांडी परत करत फिरले. आतलं कोंबड्यांना घातलं, भांडी घासली, प्रत्येकात लिंबं भरली. आणि प्रत्येक दार वाजवलं. दोन बायका घाबरल्याच, त्यांना वाटलं कुणी गेलं.

गेल हार्कनेस आमची सगळ्यात जवळची शेजारीण. तिची जीभ माझ्यापेक्षा धारदार आहे, म्हणून आमचं जमतं.

"काय गं, पोरगी कशी आहे? रमली ना?"

"नाही," मी म्हटलं. "आजारी आहे. मेलबर्नला दवाखान्यात आहे. गेल, ती एकटी पडली होती आणि आम्ही हॉर्न वाजवत होतो."

आता ती काय बोलेल याची मी तयारी करून उभी होते. गेल पायरीवर खाली बसली, लझान्याचं भांडं मांडीवर घेऊन. एक लिंबू गडगडत बागेत गेलं, तिनं बघितलं नाही.

"आमच्या ब्रॅडच्या बाळंतपणात मलाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचे ना मी संध्याकाळची, त्याला घेऊन? तू म्हणायचीस, आली बघा, हिला घर खायला उठतं."

"हो."

"उठायचं."

बत्तीस वर्षांची शेजारीण. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. संध्याकाळची वासरं ओरडायला लागली तेव्हा उठले.

२४ ऑगस्ट

क्लाइव म्हणाला, शेड मी बघतो, तू जा. मेलबर्नला एकटी गेले.

काही चमत्कार झालेला नाही. औषधाला वेळ लागतो म्हणतात. टॅमसिन खुर्चीत बसली होती, केस तेलकट, मागे रबरात बांधलेले. मांडीवरच्या विनीच्या झबल्यावर लाळेचा मोठा डाग, पुसलेला नाही. मला तो डाग बघून इतकं बरं वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"इथे एक नर्स माझ्याशेजारी नुसती बसते," ती म्हणाली. "विनीला आंघोळ घालताना. काही बोलत नाही. मला दिसतं ते मी तिला सांगते, ती म्हणते हं, आणि साबण पुढे करते."

"बरं."

"अजून येतात ती चित्रं."

"बरं," मी पुन्हा म्हटलं. गप्प राहणं मला नवीन आहे. जमतंय हळूहळू.

"तीनशे अठरा कशी आहे?"

"खायला लागली. परवा क्लाइवला लाथ मारली, मांडी काळीनिळी झालीय."

टॅमसिनच्या ओठाची एक बाजू हलली. मग तिनं विनीकडे बघितलं, न बघितल्यासारखं करून, आणि पुन्हा नीट बघितलं.

"मला केस धुवायचेत," ती म्हणाली. "वेळ लागेल."

"जा."

तिनं विनीला माझ्याकडे दिलं. काचेची वस्तू देतात तसं नाही, जरा वेडंवाकडंच, मान आधी, पाय नंतर, जसं थकलेलं माणूस मूल देतं. मी कोट काढला. पर्स जमिनीवर ठेवली. घड्याळही काढून पर्समध्ये टाकलं.

न्हाणीत पाणी सुरू झालं. विनीनं माझ्याकडे बघून विचार केला, मी तिला पसंत पडले नाही, आणि तिनं भोकाड पसरलं.

पाणी थांबलं.

"लॉरेल?" दाराआडून आवाज आला, घाबरलेला. "लॉरेल, तू आहेस ना?"

"आहे गं. रडतेय नुसती, ठणठणीत आहे. तू कर सावकाश."

मग पाणी पुन्हा सुरू झालं.